'बी'ची बाटली

तेल एकदम खवट होत नाही. आधी ते रुसतं. हे मावशींचं म्हणणं. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत या अवस्थेला लांबलचक नाव आहे, पण दुसऱ्या मजल्यावरच्या त्या प्रयोगशाळेत गेली सव्वीस वर्षं 'रुसलं' हाच शब्द चालत आला होता. ताज्या तेलाला वास म्हणावा असा काही नसतो. असतो तो एक निवांतपणा. मग एके दिवशी बाटलीचं बूच काढलं की आत काहीतरी बिनसल्याचं जाणवतं. तोही वास नव्हेच, नुसतं कुणीतरी तोंड फिरवून बसल्यासारखं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या रंगाच्या डब्याचा वास येऊ लागतो, आणि तो आला की कुणालाही कळतं. "खवट काय, रस्त्यावरचा माणूससुद्धा ओळखेल," मावशी म्हणत. "रुसवा ओळखायला घरातलं माणूस लागतं."

हजेरीपटावर त्या 'प्रयोगशाळा परिचर' होत्या. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या इथे आल्या त्या बाटल्या धुवायला. तेलाच्या बाटल्या धुणं हे ऐकायला सोपं काम. प्रत्यक्षात तेल काचेला धरून बसतं आणि जुन्या तेलाचा एखादा थेंब मागे राहिला, तर तो नव्या तेलालाही आपल्या वळणावर नेतो. म्हणून मावशी धुतलेली प्रत्येक बाटली नाकाशी धरून खात्री करून घेत. अशाच एका दुपारी मांडणीपाशी उभ्या असताना त्या सहज म्हणाल्या, "ही तिसरी आहे ना, ही उद्या-परवा जाणार." तिसरी बाटली चालू प्रयोगातली होती आणि मोजमापाप्रमाणे ठणठणीत होती. तेव्हाच्या साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी तपासणीचा आकडा चढला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. त्या आठवड्यापासून रोज सकाळी दहा वाजता सगळ्या बाटल्या आधी मावशींच्या नाकाखालून जाऊ लागल्या, आणि नोंदवहीत एक नवा रकाना आखला गेला. त्यात तीनच शब्द लिहिले जात: 'ठीक', 'रुसलं', 'खवट'.

या रकान्याची झळ घरी पोचली ती मावशींच्या यजमानांना. ते घड्याळजी होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं जेमतेम एक खुर्ची मावेल एवढं दुकान होतं आणि नटून राहण्याची त्यांना हौस होती. लग्नानंतर काही वर्षं ते दाढी झाल्यावर गालाला सुवासिक पाणी चोळत. मावशींचं नाक सरकारजमा झाल्यापासून ते बंद झालं. केसांचं तेल बिनवासाचं, साबण बिनवासाचा, सकाळच्या न्याहारीत कच्चा कांदा वर्ज्य. "लोक देशासाठी काय काय सोडतात," घड्याळजी गिऱ्हाइकांना सांगत. "मी विज्ञानासाठी अत्तर सोडलं. माझं नाव कुठे छापून येत नाही, ते सोडा."

"येईल हो," मावशी म्हणत. "माझं येऊ द्या आधी."

हे त्या चेष्टेत म्हणत. पण छापून येण्याची गोष्ट पुढे खरोखरच निघाली, आणि ती निघाली एका मुलीमुळे.

संस्थेत पांढरा कोट घालणारी प्रत्येक मुलगी मावशींच्या लेखी 'ताई' असे. तीन वर्षांपूर्वी आलेली ही ताई डॉक्टरेटचं काम करत होती. विषय होता बियांमधून नैसर्गिक अँटीऑक्सिडंट काढण्याचा. पहिल्याच दिवशी तिने तो समजावून सांगायला सुरुवात केली: हवेतल्या प्राणवायूमुळे तेल बिघडतं, बियांमध्ये काही द्रव्यं असतात, ती आधी स्वतः झिजतात आणि तेलाला वाचवतात. मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तेलाच्या वाटची बोलणी ही बी खाते," त्या म्हणाल्या. "खाऊन खाऊन ती संपली की मग तेलाची पाळी."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. "मावशी, हे मला प्रबंधात लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं."

"लिही की. मी काय पेटंट घेतलंय?"

रसाच्या कारखान्यातून द्राक्षांचा चोथा बादल्या भरभरून येई. त्यातून बिया वेगळ्या करणं हे मावशींचं काम. चोथा पाण्यात कालवला की सालं आणि पोचट बिया वर तरंगतात, भरलेल्या तळाशी बसतात. तळाच्या धुऊन, वाळवून, दळून घ्यायच्या. त्यातलं तेल आधी काढून टाकायचं. उरलेली पूड अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात भिजवायची. नरसाळ्यात गाळण कागद घालून ते गाळायचं. आणि मंद आचेवर, हवा ओढून घेणाऱ्या यंत्रात, अल्कोहोल उडवून लावायचं. शेवटी उरतो तो तांबूस, इतका तुरट अर्क, की जिभेला लागला तर दिवसभर तोंडाला कोरड. 'प्रयोगशाळेत कोणताही पदार्थ तोंडात घालू नये' ही भिंतीवरची सूचना मावशींच्याच वळणदार अक्षरात होती, आणि तिच्याखाली उभ्या राहून त्या वाळलेली बी दाताखाली चावून बघत. बी जितकी तुरट, तितका अर्क कसाचा, हा त्यांचा ठोकताळा होता.

शब्दांच्या बाबतीत त्या काटेकोर होत्या. ताई सगळ्यालाच 'सीड' म्हणे. मावशींना ते पटत नसे. "आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका. सगळ्यांना एकच नाव कसं चालेल? आणि ज्या फळाला आपण वेगळं नाव दिलं नाही, त्याची ती नुसती बी."

"मग द्राक्षाची?"

"द्राक्षाची बी. एवढंसं तर फळ आहे, त्याच्या बीला आणखी काय नाव ठेवायचं?"

बाटल्यांवरची नावंही मावशीच घालत, मेणाच्या पेन्सिलीने, कारण शाई ओव्हनमधल्या उष्णतेत आणि तेलात टिकत नाही. अक्षरं देवनागरी. ताईच्या एका प्रयोगात द्राक्षाचे तीन भाग होते. त्या बाटल्यांवर मावशींनी लिहिलं होतं 'साल', 'गर', 'बी'. पुढच्या प्रयोगात बियांचाच अर्क काढण्याच्या तीन पद्धती होत्या: नुसतं पाणी, अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण, आणि तेच मिश्रण ध्वनिलहरींनी हलवून. ताईच्या वहीत त्या पद्धतींना इंग्रजी अक्षरं दिलेली होती. मावशींच्या बाटल्यांवर त्या झाल्या 'ए', 'बी', 'सी'. साल आणि गर यांचं काम संपल्यावर त्या बाटल्या धुतल्या गेल्या. 'बी' तेवढी थोडी उरली होती, म्हणून ती फ्रिजच्या दारातल्या फळीवर उभी राहिली.

यापुढचं ज्याच्या लक्षात आलं असेल, त्याने थोडं थांबावं. प्रयोगशाळेतल्या कुणाच्याच लक्षात ते आलं नाही.

ताई दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली. जाण्यापूर्वी तिने 'ए' आणि 'सी' यांचे अर्क सूर्यफुलाच्या तेलात मिसळून बाटल्या साठ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या. या उबेत तेल महिन्याभराचं आयुष्य चार-पाच दिवसांत जगून घेतं, म्हणून परीक्षा लवकर होते. मिश्रणाच्या पद्धतीचा, म्हणजे 'बी'चा, अर्क मात्र तिने निघायच्या घाईत फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात टाकला आणि विसरली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. मागे गाडीचा आवाज होता.

"मावशी, बी राहिलीय ना, ती पण लावून टाका ओव्हनला. प्रमाण तेच."

"बी लावू?"

"हो हो, बी. राहूनच गेली बघा."

मावशींनी फ्रिज उघडला. समोरच 'बी' उभी होती, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी अर्क मोजला, तेलात मिसळला, तपकिरी बाटलीवर 'बी' लिहिलं आणि ती 'ए' व 'सी' यांच्या शेजारी ठेवून दिली. ज्यांच्या भाषेत बियाणंही 'बी' आणि इंग्रजीतलं दुसरं अक्षरही 'बी', अशाच माणसांच्या हातून होऊ शकेल अशी ही चूक होती.

'ए' बाटली दहाव्या दिवशी रुसली. 'सी' चौदाव्या. 'बी' मात्र ठीक. रोज सकाळी मावशी बूच काढत, अर्धा श्वास घेत, मग नाक निवावं म्हणून स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेत, आणि पुन्हा हुंगत. ठीक. परत आलेली ताई विसाव्या दिवसापासून शेजारी उभी राहू लागली. पंचविसाव्या दिवशी तिला जेवण जाईना. अठ्ठाविसाव्या दिवशी मावशींनी बूच लावलं आणि म्हणाल्या, "आज रुसली." ताईने त्यांना तिथल्या तिथे मिठी मारली; मावशींच्या हातातली बाटली थोडक्यात वाचली.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या अठ्ठावीस दिवसांवर उभं राहिलं. विभागप्रमुख असलेल्या मोठ्या बाई सहसा कौतुक करत नसत. त्यांनी "बरं आहे" म्हटलं आणि परिषदेला पाठवायचा गोषवारा स्वतः तपासून पाठवला. ताईने ऋणनिर्देशाचं पान लिहिलं आणि चहाच्या वेळी मावशींना वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं: 'या प्रबंधातील प्रत्येक दिवस मावशींच्या शब्दावर मोजला आहे.'

"'शब्दावर' कशाला? 'नाकावर' लिही," मावशी म्हणाल्या, आणि कप विसळायच्या निमित्ताने तिकडे वळल्या.

निवृत्तीला चार आठवडे उरले होते. हाताखालची कामं नीट लावून जावं म्हणून मावशींनी एका दुपारी फ्रिजचं बटण बंद केलं, खाली फडकी अंथरली आणि वरच्या कप्प्यातलं बर्फ सुटायची वाट पाहत बसल्या. बर्फाचा एक मोठा पापुद्रा निघाला आणि त्याच्यामागे काच दिसली. त्यांनी कोमट पाण्याचं फडकं लावून बाटली सोडवली. पुसली. वरची अक्षरं त्यांचीच होती: 'बी'. खाली, ताईच्या बारीक अक्षरात, तारीख. बाटली भरलेली होती.

मावशींनी तारीख पुन्हा वाचली: ताई परगावी गेली त्याच्या आदल्या दिवसाची.

त्यांना सगळं एका क्षणात समजलं, हीच त्यातली वाईट गोष्ट. थोडं थोडं समजलं असतं, तर मध्ये थांबून स्वतःची समजूत घालता आली असती. अठ्ठावीस दिवस टिकलेलं तेल मिश्रणाच्या पद्धतीचं नव्हतंच. ते होतं दारातल्या फळीवरच्या जुन्या 'बी'चं. ताईचं प्रकरण भलत्याच बाटलीवर उभं होतं. प्रबंध द्यायला तीन महिने होते. आणि हे साऱ्या जगात एका माणसाला माहीत होतं. नळ तीन पावलांवर होता. बाटल्या धुणं हेच तर त्यांचं काम; पाच मिनिटांत ही बाटली स्वच्छ होऊन मांडणीवर पालथी पडली असती आणि कुणी विचारलंही नसतं.

त्यांनी बाटलीला पुठ्ठ्याची खूण बांधली आणि ती खालच्या कप्प्यात मागे ठेवली. फडकी पिळली. घरी गेल्या.

संध्याकाळी घड्याळजी एक भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंगाचा डोळा न काढता.

"मी एकदा दोन गिऱ्हाइकांच्या घड्याळांचे पट्टे अदलाबदल केले होते," ते म्हणाले. "वर्षभर दोघं खूश. एकाने तर येऊन सांगितलं, तुमच्या दुरुस्तीपासून घड्याळ हाताला बरं बसतं."

"मग तुम्ही सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"पट्टा होता गं तो. वेळ नव्हती." त्यांनी भिंग काढलं. "आणि तू मला सल्ला विचारतेयस असं दाखवू नकोस. तू सांगणारच आहेस. उद्या सकाळपर्यंतचा वेळ जात नाहीये, म्हणून माझ्याशी बोलतेयस."

"अहो, पोरीचं काय होईल?"

"ते तिला ठरवू दे ना. तू वास सांग. पुढचं काम वासवाल्याचं नाही, हे तूच मला पंचवीस वर्षं सांगतेस."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी मावशींनी दोन्ही बाटल्या ताईच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या: एक भरलेली, एक ओव्हनमधून निघालेली, तळाला ओशट. दोन्हींवर एकच अक्षर. "ताई," त्या म्हणाल्या, "मला बी लावायची होती, तर मी बी लावली."

वाक्य ऐकायला इतकं चमत्कारिक होतं की ताई आधी हसली. मग तिने तारीख वाचली. मग ती हसली नाही.

"कोणती बी?"

"पेरायची."

"मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, मावशी!"

"सांगितलं होतंस. मी विचारलंही होतं."

"म्हणजे चूक माझी?"

"मी असं कुठे म्हटलं? अक्षर माझं आहे. चूक माझी."

ताईने दोन्ही बाटल्या उचलल्या, परत ठेवल्या, आणि खोलीबाहेर गेली. मोठ्या बाईंनी परिषदेला पाठवलेला गोषवारा त्याच दिवशी मागे घेतला. मावशींना त्यांनी आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. "आणखी एक महिना गप्प राहिल्या असतात," त्या म्हणाल्या, "तर मला हे कधीच कळलं नसतं. आणि कळलं नसतं, या विचाराचाच मला जास्त राग येतो. चला, कामाला लागा."

ताई मात्र बोलेना. म्हणजे कामापुरतं बोले: "नरसाळं द्या", "कागद संपलेत". 'मावशी' हा शब्द तिच्या वाक्यांतून गळून गेला. सकाळी दहा वाजता बाटल्या मावशींच्या टेबलावर येईनाशा झाल्या. नोंदवहीतला रकाना तीन दिवस कोरा राहिला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मावशींना ओव्हनजवळ उभं राहण्याचं काही कारण उरलं नाही. रागावणं त्यांनी मनातून मान्य केलं होतं. पण आपला शब्द कुणी घेत नाही, हे त्यांना सोसवेना. त्या मांडणीवरच्या धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुऊ लागल्या.

चौथ्या दिवशी ताई वही घेऊन बेसिनपाशी येऊन उभी राहिली.

"एक विचारू? दोन्ही अर्कांत तेच मिश्रण, तेच प्रमाण. मग तुमची बी अठ्ठावीस दिवस टिकली कशी?"

"माझी कुठली? तुझीच ती, मागच्या हंगामातली."

"बिया तुम्ही वाळवल्या होत्या ना? शंभर अंशांवर, चार तास?"

मावशींनी नळ बंद केला. "ओव्हन कुठे होता तेव्हा? दुरुस्तीला गेला नव्हता का? मी खिडकीत वाळवल्या. वर्तमानपत्रावर. सावलीत."

"किती दिवस?"

"आठवडाभर. सकाळ-संध्याकाळ हात फिरवत होते."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस का? तू म्हणालीस, 'मावशी, बिया वाळल्या का?' मी म्हटलं, वाळल्या."

ताईने वही छातीशी धरली आणि डोळे मिटले. मावशींना कळेना, ती रडतेय की मोजतेय. "शंभर अंश," ती स्वतःशीच म्हणाली. "आपण त्यांना तेलाच्या आधीच भाजत होतो."

"तेच ना. बोलणी खायची ती सगळी त्यांनी ओव्हनमध्येच खाल्ली. तेलासाठी काय उरणार?" मावशी थांबल्या. मग हात पुसता पुसता, तिच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "ताई, खवट झालंय की नुसतं रुसलंय?"

ताईने वही बेसिनच्या कडेला ठेवली.

"रुसलंय," ताई म्हणाली. "पण तेलाचा रुसवा निघत नाही, मावशी. तुम्हीच सांगता."

"तेलाचा नाही निघत," मावशी म्हणाल्या.

कारखान्यातून हंगामाच्या शेवटच्या बादल्या आल्या. निम्म्या बिया ओव्हनमध्ये वाळल्या, निम्म्या खिडकीत, वर्तमानपत्रावर. दोन्ही वेळा मावशींनी एकेक बी चावून पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. ताईने मात्र त्यांचं तोंड किती वाकडं झालं, हे दोन्ही वेळा बघून ठेवलं. बाटल्यांवर नावं घालायची वेळ आली तेव्हा दोघींत थोडी झकाझकी झाली. ताईचं म्हणणं, आकडे घालू. मावशींचं म्हणणं, आकडा कुणाचा तेही कुठेतरी लिहावंच लागेल. शेवटी एका बाटलीवर 'ओव्हन' आणि दुसरीवर 'सावली' असं लिहिलं गेलं. आणि मावशींच्या अक्षरातल्या भिंतीवरच्या सूचनेखाली ताईने आणखी एक ओळ चिकटवली: 'या खोलीत बी म्हणजे फक्त पेरायची ती.'

परीक्षेचा अकरावा दिवस हा मावशींच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. भाषणं झाली, खुर्च्या उचलल्या गेल्या. मावशी दहा वाजता दोन्ही बाटल्या हुंगून गेल्या होत्या: ठीक, ठीक. निघताना त्यांनी ताईचा हात धरून तिला ओव्हनपाशी नेलं. "अर्धा श्वास. पूर्ण घेतलास तर नाक लगेच दमतं. मग कोपर. मग परत. आणि शंका आली, तर ती लिहायची. 'ठीक' लिहायचं नाही."

"आणि मला नाही जमलं तर?"

"मी काय परगावी चाललेय? दोन थांब्यांवर तर राहते."

चोविसाव्या दिवशी ताईचा निरोप आला. मावशी चालतच निघाल्या. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना पाहून सलाम केला, आणि मग ओशाळून पाहुण्यांचं रजिस्टर पुढे केलं. "काय करणार, मावशी. नियम." 'कामाचे स्वरूप' या रकान्यापाशी मावशी अडल्या. मग त्यांनी लिहिलं: 'वास घेणे.' पहारेकऱ्याने ते वाचलं आणि फाटक उघडलं.

टेबलावर दोन बाटल्या होत्या, दोन्हींना वर्तमानपत्र गुंडाळलेलं. नावं दिसत नव्हती.

"हे कशाला?" मावशी म्हणाल्या. "आता माझ्यावर काही ठेवू नकोस, ताई. एकदा झालं तेवढं पुरे."

"मी तुमच्यावर ठेवत नाहीये. माझी परीक्षा घ्यायला बोलावलंय. मी लिहिलंय, ते बरोबर आहे का, एवढं सांगा."

मावशी बसल्या. पहिली बाटली उघडताच त्यांनी बूच परत लावलं. "ही कधीच गेली. हिला घेऊन काय बसलीस?"

"सोळाव्या दिवशी रुसली. ओव्हनची."

"हं." दुसरी. अर्धा श्वास. कोपर. पुन्हा. मावशींनी डोळे मिटले आणि बाटली नाकापासून जराशी दूर नेली, जवळ आणली. "ही रुसलीय."

ताईचा चेहरा खुलला. "मी कालच लिहिलं! तेविसावा दिवस. मावशी, मला कळलं!"

मावशींनी आणखी एकदा हुंगलं. त्यांना तिथेच थांबता आलं असतं. हंगामअखेरच्या बियांसाठी तेवीस हा चांगला आकडा होता, पोर खुशीत होती, आणि एका दिवसाने कुणाचं काय बिघडणार होतं.

"काल नाही, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "परवापासून. बावीस."

टेबलाच्या कडेला रासायनिक तपासणीचा कागद पालथा पडला होता. गेल्या तीन दिवसांचे आकडे त्यावर होते. मावशींची नजर त्याच्याकडे गेली. ताईचीही गेली. मग ताईने वही ओढली, तेविसाव्या दिवसासमोरच्या 'रुसलं'वर एक सरळ रेघ मारली, आणि तोच शब्द वरच्या ओळीत लिहिला. कागद तिने उलटून पाहिला नाही.

"बावीस," ती म्हणाली. "लिहिलं."

मावशींनी वहीतली ती ओळ वाचली. मग त्यांनी बूच घट्ट बसवलं आणि सवयीने बाटली ओव्हनमध्ये परत ठेवायला उठल्या.

"काका कसे आहेत?" ताईने विचारलं.

"त्यांना काय झालंय? मी घरी बसले त्या दिवसापासून तोंडाला सुवासिक पाणी चोळतायत. पंचवीस वर्षांचं एकदम." मावशींनी ओव्हनचं दार लावलं. "तू बोलावलंस ते बरं झालं. नाक जरा बाहेर आणलं."